दर महिन्याला तेच संगणक मागे का राहतात? कार्यालयातील विंडोज अपडेटच्या समस्येचे क्रमवार निवारण

कार्यालयातील बहुतेक संगणक महिन्याचे सुरक्षा अपडेट निमूटपणे घेतात. दहा-पंधरा मात्र घेत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात यादी पाहावी तर पुन्हा तेच. पतसंस्था, महाविद्यालये आणि औद्योगिक वसाहतींतील लहान कारखाने यांच्या संगणकांची देखभाल मी गेली अनेक वर्षे करते आहे, आणि हीच एक तक्रार इतक्या वेळा निस्तरली आहे की कोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने पाहायच्या हे आता मनात पक्के बसले आहे. तो क्रम येथे लिहून ठेवते. आपल्याकडे पन्नास ते तीनशे विंडोज संगणक आहेत, ते एका डोमेनमध्ये, म्हणजे लॉगिन आणि धोरणे एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या जाळ्यात, आहेत, आणि मायक्रोसॉफ्टकडून अपडेट एकदाच आणून आत सर्वांना वाटणारा एक सर्व्हर आहे, असे मी धरून चालले आहे. या व्यवस्थेचे पूर्ण नाव विंडोज सर्व्हर अपडेट सर्व्हिसेस. बोलताना आम्ही तिला डब्ल्यूसस म्हणतो. ज्यांच्याकडे असा सर्व्हर नाही त्यांनी चौथी, पाचवी आणि आठवी तपासणी वगळावी.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे सर्व्हरच्या यादीत संगणकाचे नाव असते, पण त्याने शेवटचा अहवाल पाठवल्याची तारीख कित्येक आठवडे जुनी असते. त्याखालोखाल ‘रीस्टार्ट बाकी आहे’ हा शेरा, जो एकाच संगणकासमोर महिनाभर तसाच राहतो. काही संगणकांवर डाउनलोड शून्य टक्क्यांवर किंवा मध्येच अडकते आणि शेवटी एक त्रुटी-क्रमांक येतो. काहींवर अपडेट बसल्यासारखे वाटते, संगणक पुन्हा सुरू होतो, आणि बदल मागे घेतले जात असल्याचा संदेश दाखवून पूर्वपदावर येतो. कधी असेही दिसते की यादीतील एकूण संख्या टेबलावरच्या संगणकांपेक्षा कमीच भरते, आज एक नाव दिसते आणि उद्या त्याच्या जागी दुसरेच.

या सर्वांहून धोकादायक लक्षण शांत असते. संगणकावर हिरवी खूण आहे, ‘आपण अद्ययावत आहात’ असे लिहिले आहे, कोणाची काही तक्रार नाही, आणि तरीही विंडोजचा बिल्ड-क्रमांक चार महिन्यांपूर्वीचाच आहे. म्हणूनच हिरव्या खुणेला मी पुरावा मानत नाही.

एक फरक आरंभीच करून घ्यावा. बिघाड मोजक्याच संगणकांत असेल तर पहिल्या तपासणीपासून क्रमाने जावे. सर्वच संगणक एकाच दिवशी थांबले असतील तर एकेका टेबलापाशी जाण्यात वेळ न घालवता थेट आठव्या तपासणीकडे वळावे, कारण तेव्हा दोष सर्व्हरमध्ये किंवा मार्गात असतो.

मागे राहिलेल्या दहा संगणकांकडे एवढे लक्ष का द्यायचे, असा प्रश्न व्यवस्थापन नेहमी विचारते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने फाइल-शेअरिंगच्या प्रोटोकॉलमधील दोषावर एमएस१७-०१० हा पॅच, म्हणजे दुरुस्ती, दिला. त्याच दोषाचा वापर करणारा वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम १२ मे रोजी पसरला. मधले ५९ दिवस सर्वांच्या हातात होते. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम आला, आणि त्याच्या तडाख्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाज-वाहतूक समूहाच्या कंपनीकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. नॉटपेट्याची कार्यपद्धती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पॅच नसलेल्या एखाद्या संगणकात शिरल्यावर तो त्याच्या मेमरीतील प्रशासकाची ओळख उचलत असे आणि तिच्या आधारे पॅच झालेल्या संगणकांवरही जात असे. म्हणजे नव्वद टक्के काम झाल्याचा अहवाल खरा असला तरी उरलेले दहा टक्के त्या नव्वदांनाही धोक्यात ठेवतात.

तपासणीसाठी मागे राहिलेल्यांपैकी एकच संगणक निवडावा, आणि काय केले व काय दिसले हे वेळेसह वहीत लिहीत जावे. पडद्यावरील त्रुटी-क्रमांकाच्या आरंभी शून्य आणि एक्स असतात. ते पुढे मी गाळले आहेत.

पहिली तपासणी: संगणक खरोखर रीस्टार्ट होतो का, आणि अपडेटच्या वेळी तो चालू असतो का

या तपासणीला पैसा लागत नाही, पाच मिनिटे पुरतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक प्रकरणे येथेच संपतात. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहावा. वापरणारी व्यक्ती प्रामाणिकपणे सांगते की संगणक रोज संध्याकाळी बंद होतो, आणि तेथे मात्र तेहतीस दिवस दिसतात. दोन्ही खरे असते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली आहे. तिच्यामुळे शटडाऊन करताना प्रणालीचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर जतन केला जातो आणि सकाळी तेथूनच पुढे सुरू होतो. अपडेटमधील बऱ्याच फाइल्स वापरात असताना बदलता येत नाहीत. त्या बदलण्याची वेळ पूर्ण रीस्टार्टची असते, आणि ती वेळच येत नाही. म्हणून एकदा ‘शटडाऊन’ ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडून पाहावे. उपयोग झाला तर फास्ट स्टार्टअप बंद करण्याचे धोरण सर्व संगणकांना लावावे.

दुसरे कारण विजेच्या मेन स्विचशी निगडित आहे. गट-धोरणात (डोमेनमधील संगणकांना एकदम लागू होणाऱ्या ग्रुप पॉलिसीत) अपडेट बसवण्याची वेळ बदलली नसेल तर ती पहाटे तीनची असते. आपल्याकडील असंख्य कार्यालयांत सायंकाळी शिपाई जबाबदारीने मजल्याचा मेन स्विच बंद करतात, कारण शॉर्टसर्किटची भीती आणि वीजबिल या दोन्ही गोष्टी त्यांना बजावून सांगितलेल्या असतात. त्यांचे काही चुकत नाही. चुकते ते आपले वेळापत्रक. एका पतसंस्थेत पूर्ण मजला मागे राहत होता आणि मी दोन दिवस सर्व्हरच्या नोंदी चाळत बसले होते. शेवटी तेथील शिपाई काकांनीच सांगितले की त्या मजल्याचा स्विच ते साडेसहाला पाडतात. तेव्हापासून अपडेटची वेळ मी दुपारच्या जेवणाच्या सुटीत ठेवते आणि रीस्टार्टसाठी दोन दिवसांची अंतिम मुदत देते, म्हणजे काम करणाऱ्याला सोयीची वेळ निवडता येते, पण कायमचे टाळता येत नाही.

मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी येते, तेही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी दहाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. मंगळवारी रात्री संगणक चालू ठेवायला सांगून काहीच हाती लागत नाही. आपला खरा दिवस बुधवारचा असतो.

दुसरी तपासणी: बिल्ड-क्रमांक, आवृत्तीचे आयुष्य, आणि वापरणाऱ्याशी दोन शब्द

स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप केल्यावर जी लहान खिडकी उघडते तिच्यात बिल्ड-क्रमांक असतो. पूर्णविरामाच्या आधीचा भाग आवृत्ती सांगतो, जसे विंडोज १० २२एच२ साठी १९०४५ आणि विंडोज ११ २४एच२ साठी २६१००. पूर्णविरामानंतरचा आकडा दर महिन्याच्या अपडेटने वाढतो. निरोगी संगणकाचा आकडा आणि या संगणकाचा आकडा शेजारी-शेजारी लिहिले की हिरव्या खुणेचा खरेपणा लगेच कळतो.

आवृत्तीचे आयुष्य संपले असेल तर पुढची एकही तपासणी उपयोगाची नाही. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पैसे भरून वाढीव मुदत घेतली नसेल तर तो संगणक नवे काही मागतच नाही, आणि म्हणूनच समाधानी दिसतो. विंडोज ११ मध्येही प्रत्येक आवृत्तीला मुदत असते: प्रो आवृत्तीला २४ महिने, एंटरप्राइझला ३६. विंडोज ११ चे नाव पाहून निश्चिंत झालेल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळे संगणक मुदत संपलेल्या २२एच२ वर होते.

यानंतर वापरणाऱ्याला शांतपणे विचारावे की अपडेट थांबवले आहे का, कोणी काढून टाकले आहे का. ‘पॉज’ने ते ३५ दिवसांपर्यंत थांबवता येते. शाखेतील संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर कोणीतरी ती जोडणी ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून डेटा वापरायची, ठरवलेली असते, आणि मग डाउनलोड आपोआप होत नाही. कधी विंडोज अपडेटची सेवाच ‘डिसेबल्ड’ केलेली आढळते. यामागे बहुधा एखादा जुना अनुभव असतो. २०२१ च्या उन्हाळ्यात ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषावरचे पॅच आले आणि ऑगस्टच्या अपडेटनंतर प्रिंटर-ड्रायव्हर बसवायला प्रशासकाचे अधिकार लागू लागले. कित्येक कार्यालयांत सकाळी पावत्या छापेनात, लेखा विभागासमोर रांग लागली, आणि कोणीतरी अपडेट काढून टाकून सेवा बंद केली. रांग संपली, सेवा मात्र पुढे कित्येक वर्षे बंदच राहिली.

अशा माणसाला रागावून काही मिळत नाही; त्याचा अपडेटवरचा विश्वास उडालेला असतो आणि तो परत मिळवावा लागतो. त्यासाठी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडणे हाच मार्ग मला लागू पडलेला दिसतो. बुधवारी पाच संगणक, त्यांत पावत्या छापणारा एक संगणक असलाच पाहिजे. दोन-तीन दिवस काही बिघडले नाही तर एकेक विभाग. आणि पुढच्या बुधवारपर्यंत सर्व. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ते विंडोजचे अपडेट नव्हते, पण ती फाइल सगळीकडे एकाच वेळी पोहोचली म्हणून हानी एवढी मोठी झाली. मात्र एखाद्या दोषाचा वापर हल्लेखोर प्रत्यक्ष करत आहेत असे जाहीर झाले असेल तर मी ही सवड एका दिवसावर आणते.

तिसरी तपासणी: डिस्कवरील जागा आणि घड्याळ

क्रमांक ८००७००७० आला तर डिस्क भरली आहे, इतका सरळ अर्थ असतो. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी मोकळे ठेवण्याचा माझा नेम आहे, कारण अपडेट उतरवायला, उलगडायला आणि जुन्या फाइल्स परतीसाठी राखून ठेवायला, अशी तीनदा जागा लागते. डाउनलोड्सचा फोल्डर आणि कचराकुंडी पाहिली की सहसा काम भागते.

घड्याळ दुर्लक्षित राहते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही बटण-बॅटरी संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अवैध ठरतात आणि ८००७२एफ८एफ हा क्रमांक येतो. शिवाय डोमेनच्या वेळेत आणि संगणकाच्या वेळेत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की लॉगिनची ओळख-पडताळणीही अडते. तारीख दुरुस्त करून थांबू नये, बॅटरी बदलावी. नाहीतर पुढच्या महिन्यात हा संगणक पुन्हा यादीत असतो.

चौथी तपासणी: संगणक योग्य सर्व्हरला विचारतो आहे का, आणि तो योग्य गटात आहे का

डब्ल्यूससच्या कन्सोलमध्ये नवा संगणक प्रथम ‘अनअसाइन्ड कॉम्प्युटर्स’ या गटात येतो. आपण अपडेटला मान्यता देतो ती ‘लेखा’, ‘प्रशासन’ अशा आपल्या गटांना. जो संगणक कोणी हलवलाच नाही, त्याला काहीच मान्य झालेले नसते, आणि तो ‘नवे काही नाही’ असे खरेच सांगतो. हे कन्सोलमध्ये बसल्याजागी दिसते, म्हणून आधी पाहावे.

त्यानंतर संगणकावर ‘जीपीरिझल्ट’ ही कमांड चालवून धोरण पोहोचले आहे का ते बघावे, आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या मांडणीच्या नोंदवहीतील) विंडोज अपडेटच्या धोरणांखाली ‘डब्ल्यूयू-सर्व्हर’ या नोंदीत कोणता पत्ता आहे ते वाचावे. सर्व्हर बदलल्यावर जुना पत्ता राहून जाणे ही फार साधी आणि फार वेळा होणारी चूक आहे. नेहमीच्या मांडणीत सर्व्हरचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे दार, ८५३० असते आणि सुरक्षित जोडणीसाठी ८५३१. पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ने त्या पोर्टपर्यंत पोहोचता येते का ते एका ओळीत कळते. सर्व्हरचे नाव सापडले नाही किंवा प्रॉक्सी (जोडणी मधून नेणारा सर्व्हर) आडवी आली तर क्रमांक ८०२४४०२सी येतो. तेव्हा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि प्रॉक्सीची मांडणी पाहावी, अपडेटच्या फाइल्सना हात लावू नये.

येथे एक गुंता होऊ शकतो. डब्ल्यूससचा पत्ताही दिला आहे आणि कोणीतरी ‘अपडेट अमुक दिवस पुढे ढकला’ हे धोरणही लावले आहे, अशी दुहेरी मांडणी असेल तर विंडोज १० चे संगणक आपल्या सर्व्हरऐवजी थेट मायक्रोसॉफ्टला विचारू लागतात. मग कन्सोलमधील मान्यतेला अर्थ उरत नाही. दोहोंपैकी एकच ठेवावे.

पाचवी तपासणी: एकाच प्रतीतून तयार केलेले संगणक

आज एक नाव आणि उद्या दुसरे, हे लक्षण असेल तर मी थेट येथे येते. वीस नवे संगणक आले की पुरवठादार एक तयार करतो आणि त्याच्या डिस्कची प्रत बाकी एकोणीसांवर उतरवतो. यात गैर काही नाही, पण प्रत काढण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ चालवून त्या संगणकाची ओळख पुसायची असते. ते राहिले की सर्वांचा ‘सस-क्लायंट-आयडी’ एकच होतो. सर्व्हर नावाने नव्हे, या क्रमांकाने संगणक ओळखतो. त्यामुळे वीस संगणक त्याला एकच वाटतात आणि ज्याने शेवटी अहवाल दिला त्याचे नाव यादीत उरते. बाकीच्यांचे काय झाले ते कोणालाही दिसत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. विंडोज अपडेटची सेवा थांबवावी, रजिस्ट्रीतील ‘सस-क्लायंट-आयडी’ आणि त्याच्या जोडीची ‘व्हॅलिडेशन’ ही नोंद काढावी, सेवा सुरू करून तपासणी नव्याने करायला लावावी. नवा क्रमांक आपोआप तयार होतो. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी त्या विभागाची निर्यात करून ठेवावी.

ही दुरुस्ती अपडेटपुरती असते, हे मात्र व्यवस्थापनाला लेखी कळवावे. सिसप्रेप न केलेल्या प्रतींमध्ये विंडोजचा स्वतःचा सुरक्षा-ओळखक्रमांक म्हणजे एसआयडीही एकसारखा असतो, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या सारखा एसआयडी असलेल्या संगणकांमधील ओळख-पडताळणी नाकारतात. शेअर केलेले फोल्डर आणि प्रिंटर अचानक बंद पडल्याच्या तक्रारी तेथून येतात. त्यावर खरा उपाय संगणक योग्य रीतीने पुन्हा तयार करणे हाच आहे.

सहावी तपासणी: अपडेटचा साठा नव्याने बनवणे

सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन हा फोल्डर पुसून टाका, हा सल्ला सर्वत्र पहिला दिला जातो. मी तो सहाव्या क्रमांकावर ठेवला आहे आणि त्याचे कारण सांगायला हवे. त्या फोल्डरात उतरवलेली अपडेट आणि त्यांचा इतिहास असतो. तो गेला की संगणकाला सर्व काही पुन्हा मागवावे लागते. तालुक्याच्या ठिकाणच्या शाखेत, जेथे सहा टेबलांना मिळून एक मंद जोडणी आहे, तेथे सहाही संगणकांवर हा उपाय एकदम केला तर दिवसभराचे व्यवहार रखडतात. शिवाय त्रुटीचा मागही पुसला जातो.

आधीच्या पाच तपासण्या निर्दोष ठरल्या असतील तरच विंडोज अपडेट आणि बिट्स (पार्श्वभूमीत डाउनलोड करणारी) या दोन सेवा थांबवाव्यात, फोल्डर न पुसता त्याचे फक्त नाव बदलावे, आणि सेवा सुरू कराव्यात. विंडोज नवा फोल्डर तयार करते. आठवडाभर सर्व ठीक चालले की जुना काढून टाकावा.

सातवी तपासणी: विंडोजच्या फाइल्सची दुरुस्ती

क्रमांक ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ आला तर विंडोजचा घटकांचा साठाच बिघडलेला असतो किंवा दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल्स सापडत नसतात. तेव्हा प्रथम डिस्कची प्रकृती पाहावी आणि माहितीची प्रत घ्यावी, कारण घटक बिघडण्यामागे कित्येकदा मरणपंथाला लागलेली हार्ड डिस्क असते, आणि तासभर चालणारी दुरुस्ती तिला सोसत नाही. त्यानंतर प्रशासकाच्या कमांड-खिडकीतून डीआयएसएमची ‘रिस्टोअर-हेल्थ’ आणि मग ‘एसएफसी स्कॅननाऊ’ याच क्रमाने चालवावे. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स घेते तो साठा डीआयएसएम दुरुस्त करते, म्हणून क्रम उलटा करू नये.

डब्ल्यूसस असलेल्या कार्यालयात डीआयएसएम अनेकदा मूळ फाइल्स न मिळाल्यामुळे अपयशी ठरते. दुरुस्तीच्या फाइल्स थेट विंडोज अपडेटवरून घेण्याची मुभा देणारे गट-धोरण आहे. ते चालू करावे, किंवा त्याच आवृत्तीची इन्स्टॉलेशनची प्रत जोडून तिचा पत्ता द्यावा.

जानेवारी २०२४ च्या अपडेटसोबत पुष्कळांना ८००७०६४३ हा क्रमांक दिसू लागला. त्यामागे बहुधा रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कवर दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा नसणे हे कारण असते. पार्टिशनची मापे बदलावी लागत असतील तर मी एकट्या संगणकावरही ते पूर्ण बॅकअपशिवाय करत नाही, आणि अनुभव नसलेल्याने करू नये असे स्पष्ट सांगते.

आठवी तपासणी: सर्व्हर

सर्व संगणक एकदम ८०२४४०२२ दाखवू लागले की सर्व्हर ‘सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर देत असतो. आयआयएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या वेब-सर्व्हरमध्ये, डब्ल्यूससचे काम चालवणारा डब्ल्यूसस-पूल थांबलेला दिसतो. तो सुरू करावा तर दहा मिनिटांत पुन्हा थांबतो. त्याला दिलेली मेमरीची मर्यादा मुळात १८,४३,२०० केबी, म्हणजे १.८ जीबीच्या आसपास असते. काही वर्षांची जुनी, नव्यांनी मागे टाकलेली अपडेट यादीत साचली की प्रत्येक संगणकाच्या तपासणीसाठी सर्व्हरला फार मोठी यादी उचलावी लागते, मेमरी संपते, पूल थांबतो. आणि उत्तर न मिळालेले संगणक पुन्हा विचारू लागतात, त्यामुळे भार आणखी वाढतो. मी मर्यादा किमान ४ जीबी करते आणि रांगेची लांबी १,००० वरून २,००० वर नेते. हा तात्पुरता आधार आहे. नंतर कालबाह्य अपडेट नाकारणे, सफाईचा विझार्ड चालवणे आणि ड्रायव्हरचा वर्ग मागवणे बंद करणे ही तीन कामे केली नाहीत तर सहा महिन्यांत तीच वेळ येते.

अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरला स्वतःचे अपडेट द्यायचे राहून जाते, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूससमध्येच सीव्हीई-२०२५-५९२८७ या क्रमांकाने नोंदवलेला अत्यंत गंभीर दोष निघाला. १४ ऑक्टोबरचा पॅच अपुरा ठरला, २३ ऑक्टोबरला वेळापत्रकाबाहेर दुसरा द्यावा लागला, आणि लगोलग त्याचा गैरवापरही सुरू झाला. हा सर्व्हर ताब्यात गेला तर कार्यालयातील प्रत्येक संगणक ज्याच्यावर विश्वास ठेवतो तेच यंत्र हल्लेखोराच्या हाती जाते. म्हणून पॅच बसल्याची खात्री करावी, आणि ८५३० व ८५३१ ही पोर्ट इंटरनेटकडून कधीही उघडी ठेवू नयेत.

कोठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी-की हाताशी नसेल तर फर्मवेअर, बूट किंवा पार्टिशन यांतील कशालाही हात लावू नये. की नसताना संगणक तिची मागणी करू लागला तर आतील माहिती परत मिळत नाही. डोमेन कंट्रोलर आणि डेटाबेसचा सर्व्हर यांवर अपडेट मागे फिरत असेल आणि बॅकअप परत आणून पाहिलेला नसेल तर तेथेच थांबावे. डिस्क आवाज करत असेल किंवा नोंदींत वाचनाच्या त्रुटी दिसत असतील तर संगणक बंद करून माहिती वाचवणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावा. सातव्या तपासणीनंतरही तेच अपडेट तीनदा मागे फिरले तर चौथा प्रयत्न करू नये.

कारखान्यातील यंत्रे चालवणारे आणि रुग्णालयातील तपासणी-यंत्रांना जोडलेले संगणक या क्रमात मुळीच घेऊ नयेत. त्यांवरचे सॉफ्टवेअर ठरावीक आवृत्तीवरच तपासलेले असते. यंत्राच्या उत्पादकाला विचारावे आणि तोवर त्यांचे जाळे कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे.

आणि अपडेट न होण्यामागे घुसखोरीची चिन्हे दिसली, म्हणजे अँटिव्हायरस कोणीतरी बंद केला आहे, प्रशासकांच्या यादीत अनोळखी खाते आहे, नोंदी पुसलेल्या आहेत, तर दुरुस्ती तत्काळ थांबवावी. नेटवर्कची केबल काढावी, संगणक फॉरमॅट करू नये, आणि सायबर घटनांचा तपास करणाऱ्या तज्ज्ञाला त्याच तासात बोलवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. फॉरमॅट केलेल्या संगणकात जपण्यासारखे काही उरत नाही.

तज्ज्ञ येईल तेव्हा त्याच्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवाव्यात: वेळेसह लिहिलेली वही, ‘गेट-विंडोजअपडेटलॉग’ने डेस्कटॉपवर तयार होणारी नोंद, आणि विंडोजच्या लॉग्जमधील सीबीएस फोल्डरची प्रत. ही प्रत त्याच दिवशी काढावी, कारण त्या नोंदी वाढल्या की विंडोज जुन्या स्वतःच काढून टाकते.